ला, पता

आमच्या गावात उर्दू समजणारा मी एकलाच होतो. ती उर्दू मी बिदरपाशी नौबादला एका साहेबाच्या तबेल्यात लीद काढता काढता शिकलो होतो, अन् तिच्यातली निम्मी घोड्याला सांगायची होती, निम्मी साहेबानं मला दिलेल्या शिव्या होत्या.

तरी गावात रुबाब होता माझा. कुणाच्या दारात कचेरीचा माणूस आला की मला हाक यायची. मी जायचो, हात मागं बांधून उभा ऱ्हायचो, "जी, बराबर, हौ" म्हणायचो. माणूस गेला की लोकांला मला वाटंल तो अर्थ सांगायचो. त्यात कुणाचं नुकसान झालं न्हाई. झालं असलं तरी मला कुणी सांगितलं न्हाई.

गाव आमचं जनवाड्याच्या म्होरं, बारकंसं. घरात आमी चौघं. माय, थोरला भाऊ, त्याची बायको अन् मी. भावाला मी अण्णा म्हणायचो, त्याच्या बायकोला वैनी. अण्णा उंचापुरा, बोलायला कमी. त्यानं कासरा धरला की बैल मान खाली घालायचे. मी धरला की मान वर करून बघायचे, कोण आलंय म्हणून. मला जमायचं ते एकच, आवाज काढणं. बैलाचा, पाटलाचा, सासुरवाशिणीचा, कुणाचा बी. लोक हसायचे, अन् हसून झालं की आपापल्या घरी जायचे.

पलटणीची भरती निघाली तवा आमी दोघं बी गेलो. मापं घेणाऱ्या हवालदारानं अण्णाच्या छातीला पट्टी लावली अन् खुश झाला. मला म्हणला, "छाती फुगव." म्हणलं, "फुगवलीय साहेब." तो म्हणला, "मंग सोड श्वास, अन् जा घरी."

अण्णा गेला. लगीन होऊन त्याला वरीसच झालं होतं, लेकरू न्हवतं. शेताला माणूस पाहिजे म्हणून मी तबेला सोडून घरी आलो. आदी आदी कुणी तरी बिदरहून खुशाली घेऊन यायचं, की बरा हाय, समिंदराच्या पलीकडं हाय. मंग बाजारात लोक बोलाय लागले की जपान्यानं सिंगापूर घेतलं. माय म्हणली, "घेऊ दे की. आपलं काय हाय तिथं?" वैनी चुलीपाशी होती, तिनं फुकणी खाली ठेवली. खुशाली यायची बंद झाली ती तवापासून.

एके दिवशी दुपारी कचेरीचा चपराशी सायकल ढकलत दारात आला. चाकात बाभळीचा काटा गेलता, त्यामुळं गडी आदीच तापलेला. उभ्या उभ्याच म्हणला, "फौज में था ना तुमारा भाई? लापता! समजे क्या? लापता!"

"हौ जी, समजा," मी म्हणलं. पाणी पिऊन तो सायकल ढकलत गेला.

आता तुमीच बघा. तबेल्यात साहेब दिवसभर मला काय म्हणायचा? ला पानी. ला लगाम. ला खरारा. 'ला' म्हंजे आण, हे मला झोपेत बी ठाऊक. अन् पता म्हंजे पत्ता, ते तर लेकराला बी कळतंय.

"काय म्हणला रं?" मायनं इचारलं.

"सरकार पत्ता मागायलंय. अण्णाला घरी धाडायचंय, पर गाव कुठं हाय ते त्यांला घावंना. ला पता, म्हणला. दोन बार म्हणला. लई घाई दिसली."

"मंग बसलास कामून मुडद्या? ऊठ, जा की!"

पर पत्ता काय सांगायचा? आमच्या घराला पत्ता कधी न्हवताच. ज्याला यायचं तो यायचा. मंग तिघं बसून आमी पत्ता तयार केला. बिदरहून जनवाडा, जनवाड्याच्या म्होरं गाडीवाट, डाव्या अंगाला बारव, बारवात वाकलेलं उंबर. माय म्हणली, "वढ्यातनं येऊ नको म्हणावं, चिखल हाय." वैनी कधी अण्णाचं नाव काढायची न्हाई, ती पदर ओढून हळूच म्हणली, "उंबऱ्याला खाच हाय, ते सांगा. त्यांनीच पाडलीय कुऱ्हाडीनं." म्हणलं सांगतो. तवर माय, "अन् कुत्रं भुकतंय, चावत न्हाई, ते बी सांग."

"माय, अण्णाला कुत्रं ठाऊक न्हाई व्हय?"

"संगं सरकारी माणूस असंल की रं! त्याला भ्या वाटाय नको."

दुसऱ्या दिवशी वैनी भिताडाला पांढरी माती द्यायला लागली अन् मी पत्ता घोकत बिदरला निघालो. वाटंत ज्या त्या झाडाला सांगत गेलो.

कचेरीत एक म्हातारा मुन्शी होता. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्याच्या म्होरं उभं राहून मी हात मागं बांधले अन् सगळा पत्ता उर्दूत म्हणून दाखवला. वढ्यातला चिखल सांगितला, उंबऱ्याची खाच सांगितली. "कुत्ता भौंकता, काटता नहीं," तिथवर येईस्तोवर बाजूचे कारकून लेखण्या टाकून हसाय लागले होते.

मुन्शी म्हणला, "किसका घर है ये?"

"मेरे भाई का जी. फौज में है. आपीच मंगाए ना? ला पता."

मंग तर बाहेर बसलेले पक्षकार बी उठून दारात आले. लोकांला हसवायला मी जन्मभर मरमर केली. त्या दिवशी मला कायच करावं लागलं न्हाई.

मुन्शी तेवढा हसला न्हाई. मला खाली बसवलं अन् माझ्या उर्दूची दया येऊन मराठीत बोलला. "ला, पता न्हवं बाबा. लापता. एक शब्द हाय तो. लापता म्हंजे पत्ता न्हाई. तुझा भाऊ कुठं हाय ते सरकारला ठाऊक न्हाई. हाय का न्हाई, ते बी ठाऊक न्हाई."

"मंग ह्यो पत्ता कुणाला देऊ?"

तो म्हणला, "ठेव तुझ्यापाशी."

जाताना म्हणत गेलेला पत्ता येताना बी तोंडात येत होता. थांबवायचा कसा ते कळंना.

घरी आलो तवा भिताड पांढरं झालं होतं. वैनी पायावर पाणी घालायला तांब्या घेऊन आली. मी दारातच सांगून टाकलं. अण्णा हरवलाय, सरकारला बी ठाऊक न्हाई. माय हसाय लागली.

"चल, गप. आदी हातपाय धू."

"खरं सांगायलो माय."

"तू? तू कवा खरं सांगितलायस? परवा म्हस मेली म्हणून बोंबललास, अन् ती माझ्या म्होरं उभी होती."

ते बी खरंच होतं. मी जितकं तोंड बारीक करावं तितकी ती जास्त हसायची, म्हणायची, "आता बघा, रडायचं सोंग बी आणलं." शेवटाला डोळे पुसत म्हणली, "सांगितलास ना पत्ता? बास मंग."

वैनी हसली न्हाई. तांब्यातलं पाणी सरलं तरी ती तांब्या तसाच तिरपा धरून उभी होती माझ्या पायावर.

त्या दिवसापासून घरात आमाला दोघांला ठाऊक होतं, अन् त्यावर आमी दोघं बी बोलत न्हवतो. मायम्होरं कसं बोलावं? अन् माय नसताना दीर-भावजयीनं बसून काय बोलावं? ती चुलीपाशी, मी गोठ्यात. गावात बी कचेरीची गंमत पोचली अन् मला हाका यायच्या बंद झाल्या. संध्याकाळी पारावर गेलो की लोक म्हणायचे, "ये रं, ला पता!" मी बी म्हणायचो, "आणतो, थांबा." हसायचे. मी बी हसायचो. मंग गोठ्यात येऊन बसायचो. म्हशीला मी कुणाचा बी आवाज काढून दाखवला तरी तिच्या तोंडावरची माशी हालत न्हवती.

मायला मातर एक नादच लागला. रस्त्यानं जो कुणी परगावचा जाईल त्याला थांबवायची, पाणी पाजायची अन् पत्ता सांगायची. घोंगडीवाले, अस्वलवाले, लमाण. "तिकडं पलटणीतला कुणी भेटला तर सांगा बाबा," म्हणायची. मी बाजूला बसून ऐकायचो. मध्ये बोललो असतो तर ती हसली असती, म्हणून बोलायचो न्हाई. एक कल्हईवाला वरसातनं एकदा यायचा. त्याला ती घरातलं एकच पातेलं कल्हईला द्यायची, अन् भाता चालू असस्तोवर पत्ता म्हणायची. त्याला पार पाठ झाला होता.

असं करत लढाई सरली. लोकांची माणसं परत आली, अण्णा आला न्हाई.

मंग उदगीरकडनं वैनीचा भाऊ आला. आमच्यात पाट लावतेत, म्हंजे बाईचा नवरा गेला तर तिला दुसरं घर करता येतंय. भावानं स्थळ बी बघून ठेवलं होतं. पंच बसले. त्यातला थोरला म्हणला, "मेला असंल तर पाट लावता येतंय. जिता असंल तर न्हाई. हरवला असंल तर काय, ते आमच्या बापजाद्यांनी सांगून ठेवलं न्हाई." एक म्हणला बारा वरसं थांबा. वैनीचा भाऊ तसाच माघारी गेला.

दुसऱ्या दिवशी वैनी गोठ्याच्या दारात आली. मी वैरण टाकायलो होतो. म्हणली, "भावजी, पलटणीतली माणसं आता आलीत. कुणाला तरी ठाऊक असंलच. काय असंल ते आणा. गोड करून आणू नका."

इतकं बोलणं तिनं माझ्यासंगं कधी केलं न्हवतं. मी मान हलवली. म्हशीनं बी हलवली.

मंग मी खाकी सदऱ्यांच्या मागं लागलो. बाजारात खाकी दिसली की मी गेलोच. हुमनाबादच्या बाजारात एकाला हाक मारली तर तो पळाय लागला. मी बी पळाय लागलो. धरल्यावर कळलं, सदरा चोरीचा होता अन् त्याला मी पोलीस वाटलो होतो. जन्मात मला कुणी भ्यालं ते तेवढंच. खरे पलटणीतले बी भेटले बरेच. कुणी इराकात होतं, कुणी बरम्यात. अण्णा कुणाला ठाऊक न्हवता.

अन् मंग तो कल्हईवाला आला. अजून खांद्यावरचा भाता बी उतरला न्हवता, लांबूनच वरडला, "ओ माँ! एक आदमी तुमारे कुत्ते को पैचाना!"

झालं होतं असं. आळंदच्या अंगाला मादन हिप्परगा म्हणून गाव हाय. तिथं हा भट्टी लावून बसला होता. भोवती लोक जमलेले. गंमत म्हणून त्यानं आमच्या म्हातारीचा पत्ता म्हणून दाखवला. बारव, उंबर, चिखल, खाच. मागं बसलेला एक माणूस उठून उभा ऱ्हायला अन् म्हणला, "कुत्रं भुकतंय, चावत न्हाई." त्यो पलटणीतनं आलेला होता.

माय माझ्याकडं बघून म्हणली, "पोचला का न्हाई पत्ता? अन् म्हणं सरकारला बी ठाऊक न्हाई!"

वैनीनं भाकरी बांधून दिली. बोलायचं ते तिनं गोठ्यातच बोललं होतं.

हुमनाबादपर्यंत मोटार होती. म्होरं कुणाची गाडी मिळंल तवा गाडी, न्हाई तर पाय. इतक्या वाटंत मी कुणाला हसवलं न्हाई. माझी ओळख पटणारं बी कुणी न्हवतं, त्यामुळं कुणाला नवल बी वाटलं न्हाई.

हिप्परग्याचा तो माणूस खळ्यात तूर बडवत होता. माझ्यापेक्षा लहान, पर डोस्कं पांढरं झालेलं. "बर्री, कूड्री," म्हणला, म्हंजे या, बसा. त्याला मराठी बी चांगली येत होती. मी गाव सांगितल्यावर मला निरखून बघितलं अन् म्हणला, "तुमी ते आवाज काढणारे?"

मी गारच झालो.

"तुमचे अण्णा सांगायचे. लढाईवर रात्र खायला उठती. आमी म्हणायचो, भावाचं काय तरी सांग. ते तुमच्यासारखा आवाज काढाय बघायचे, पाटलाचा. लई वाईट काढायचे बघा. त्यालाच हसायचो आमी."

अण्णानं माझ्या एका बी सोंगाला कधी हसून दाखवलं न्हवतं. मी तुरीच्या शेंगा हातात घेऊन सोलत बसलो.

"घरी या म्हणायचे सगळ्यांला," तो म्हणला. "पत्ता सांगायचे. शेवटाला तेच, कुत्रं भुकतंय, चावत न्हाई."

मंग त्यानं सांगितलं. फळी फुटली अन् जो तो वाट दिसंल तिकडं निघाला. हे पाच-सा जण रबराच्या झाडीतनं चाललेले. वरनं पाऊस. अण्णाचा पाय सुजून घागरीएवढा झालेला. एका झाडाखाली तो बसला. बूट काढले, दोनी जोडून बाजूला ठेवले. म्हणला, "तुमी व्हा फुडं, मी येतो."

"मंग?"

"आमी झालो फुडं."

"माघारी बघितलं न्हाई?"

"उजाडल्यावर गेलो होतो की. झाड घावलं न्हाई. ती झाडं लावलेली असतेत, वळीनं, सगळी एकावानी एक. तिथं बारव न्हाई का वाकलेलं उंबर न्हाई. कुठल्या झाडाखाली म्हणून हुडकावं?" त्यानं बडवायची काठी उचलली अन् परत ठेवली. "मंग आमाला जपान्यानं धरलं. तिथल्या कैदेत बी ते कुठं दिसले न्हाईत. मेलेले मी बघितले न्हाईत, दादा. तुमाला खोटं कामून सांगू? एवढंच की आमी कानडीत निघताना 'होगी बर्तीनी' म्हणतो, जाऊन येतो. तुमच्यात नुसतं 'येतो' म्हणतेत. त्यो निरोप होता का खरंच येतो म्हणायलता, ते मला अजून कळंना. मी तवापासून इच्यार करायलोय."

त्यानं मला रात्री ठेवून घेतलं. सकाळी निघताना मी दारात उभा ऱ्हायलो अन् सवयीनं तोंडात 'येतो' आलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. मी नुसते हात जोडले अन् वाटंला लागलो.

येताना सगळ्या वाटंनं ठरवत आलो की कसं सांगायचं. घरी दोघी म्होरं बसल्या. मी सांगाय लागलो, अन् झाडाखालचं आलं तवा माझ्या नकळत अण्णाचाच आवाज निघाला. "तुमी व्हा फुडं..."

"आवाज काढू नका," वैनी म्हणली. "साधं सांगा."

साधं सांगितलं. साधं सांगायला मला लई जड गेलं.

"येतो म्हणलाय ना?" माय म्हणली. "मंग झालं तर." अन् उठून दारात जाऊन बसली.

वैनी बसून होती. तिनं इचारलं, "बूट त्यांनीच काढले?"

"व्हय."

"अन् जोडून ठेवले?"

"व्हय, म्हणला तर."

"रानात ते वहाणा उशाला घेऊन निजायचे," ती म्हणली. "म्होरं जायचं असलं की. जोडून ठेवायचे ते घरात आल्यावर." इतकं म्हणून ती भांडी घासाय उठली.

मी पंचांकडं जाऊन सगळं सांगितलं. थोरला पंच म्हणला, "मस्करी तर न्हाई ना रं?" म्हणलं, न्हाई. त्यानं मान हलवली, म्हणला, "मंग गेलाच तो. पाट लावता येतंय." जन्मात पहिल्यांदा लोकांनी माझं खरं मानलं, अन् मला वाटलं, आज एक दिवस तरी मानायचं न्हवतं ह्यांनी.

वैनीचा भाऊ गाडी घेऊन आला. ती मायच्या पाया पडली. मायला वाटायलं होतं की ती चार दिवस माहेराला चाललीय. म्हणली, "लवकर ये गं. तो आल्यावर तू घरात पाहिजेस." वैनीनं मायचा हात थोडा वेळ धरून ठेवला अन् सोडला.

गाडीपाशी मी गठुडं घेऊन उभा होतो. ती गाडीत चढली, गठुडं घेतलं अन् म्हणली, "जाते, भावजी."

आमच्याकडं कुणी जाते म्हणत न्हाई. बाई पाण्याला निघाली तरी येते म्हणती.

"येते म्हणावं, वैनी," मी हसून म्हणलं. "जाते म्हणू नये."

"येते म्हणलं की कुणी तरी दारात बसून ऱ्हातंय."

"मी न्हाई बसत! मला काय कामं न्हाईत व्हय? म्हस हाय, शेत हाय..." अन् मी म्हशीचा आवाज काढला. तिचा भाऊ हसला.

ती हसली न्हाई. बैल उठवले तवा गाडीच्या दांडीला धरून तिनं मला म्हणलं, "वाट कुणाची बघू नका, भावजी. तुमची बी कुणी बघत न्हाई."